४५,००० रुपयांचा पोर्टेबल हेडफोन ॲम्प घेण्याआधी व्होल्ट मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहणं ठाण्यात, नोकरी महापेला. जाता-येता ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये कानात इन-इअर, घरी रात्री बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला. फोनला ३.५ मिमीचा जॅक नाही, म्हणून सध्या हजारभर रुपयांचा टाइप-सी डोंगल (फोनच्या सॉकेटात बसणारा छोटा हेडफोन-अडॅप्टर) वापरात आहे. दुकानात ४५,००० रुपयांचा बॅटरीवाला डॅक-ॲम्प (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारा डॅक आणि तो वाढवणारा ॲम्प एकाच डब्यात) लावून ऐकला तेव्हा आवाज ‘एकदम खुलला’ असं वाटलं. घ्यावा का?

तुमच्या या दोन हेडफोनसाठी नको. हे मत ऐकून सोडून द्यायचं नाही, आकड्यांनी तपासायचं आहे, आणि ते घरबसल्या तपासता येतं.

ॲम्पकडून अपेक्षा फार थोडी असते. हेडफोनला लागेल तेवढा व्होल्टेज द्यायचा, त्या व्होल्टेजला हेडफोन जो करंट ओढेल तो न कोसळता पुरवायचा, आणि हे करताना स्वतःची खरखर मिसळायची नाही. एवढं झालं की त्याचं काम संपलं. ‘वजनदार बास’, ‘हवा’, ‘काळी पार्श्वभूमी’ ही विशेषणं त्यानंतरची, आणि बहुतेक वेळा ती आवाजाच्या पातळीतल्या फरकातून आलेली असतात.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात: इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये, आणि १ मिलिवॅटला किती डेसिबल ती सेन्सिटिव्हिटी. डीटी ९९० प्रो २५० ओहमचा आणि ९६ डेसिबलचा. संगीतातली सर्वांत मोठी ठेच (क्षणभराचं शिखर, पीक) ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ जावी असं धरू. सरासरी आवाज त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे ही मर्यादा उदारच आहे. ९६ पासून ११० म्हणजे १४ डेसिबल जास्त. दर १० डेसिबलला पॉवर दहापट होते, त्या हिशेबाने २५ मिलिवॅट लागतील. पॉवर गुणिले ओहम याचं वर्गमूळ काढलं की व्होल्ट मिळतात: ०.०२५ × २५० चं वर्गमूळ २.५ व्होल्ट. करंट फक्त १० मिलिअँपिअर. म्हणजे या हेडफोनला ‘ताकद’ लागते हे खरं, पण ती व्होल्टेजची. करंटच्या बाबतीत तो अगदी सोशिक आहे.

आता डोंगल. बऱ्याच साध्या डोंगलचा कमाल व्होल्टेज १ व्होल्ट असतो. १ व्होल्टला २५० ओहममध्ये ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. २ व्होल्ट देणारा डोंगल घेतला तर १६ मिलिवॅट, १०८ डेसिबल. सिरस लॉजिकची सीएस४३१३१ ही चिप २ व्होल्टपर्यंत जाते, तिच्यात हेडफोन ॲम्प आतच बांधलेला असतो, आणि ती दोन-चार हजारांच्या डोंगलमध्ये सर्रास मिळते. ११० च्या लक्ष्यापासून आपण २ डेसिबल दूर आहोत. ते २ डेसिबल मिळवायला ४५,००० द्यायचे का, हा खरा प्रश्न.

इतर हेडफोनही याच गणितात घालून बघा. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहम, ९९ डेसिबल: ०.७ व्होल्टच्या आसपास भागतं, १ व्होल्टच्या डोंगलवरही ११३ डेसिबलपर्यंत जातो. तुमच्या इन-इअरचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, पण १६ ओहम आणि ११० डेसिबल हे सर्वसाधारण धरले तर १ मिलिवॅट पुरतो, म्हणजे ०.१३ व्होल्ट. त्याला कुठलाही डोंगल जास्तच आहे. उलट टोकाला हायफायमॅनचा एचई-६: ५० ओहम पण सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३.५ डेसिबल. त्याला ११० डेसिबलसाठी साधारण ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर लागतात. इथे डोंगल हात टेकतो. त्याच कंपनीचा स्वस्त एचई४००एसई (३२ ओहम, ९१ डेसिबल) मधल्या पायरीवर आहे: १.६ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर. यात व्होल्टेज फार नाही, पण करंट आहे, आणि स्वस्त डोंगल व्होल्टेजचा आकडा छापतात, करंटचा लपवतात. अशा प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनवाल्याने ३२ ओहमवर किती मिलिवॅट मिळतात ते विचारून घ्यावं.

‘डोंगल डीटी ९९० ओढूच शकत नाही’ ही तक्रार सारखी ऐकू येते, आणि ती खोटी नसते. कारण मात्र वेगळं असतं. ॲपलचा टाइप-सी डोंगल आयफोनवर किंवा मॅकवर १ व्होल्ट देतो. अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आतला व्होल्यूम अर्ध्यावरच अडकतो आणि फोनची पट्टी पूर्ण ओढली तरी सुटत नाही. अर्धा व्होल्ट म्हणजे २५० ओहममध्ये १ मिलिवॅट, ९६ डेसिबल, तेही फक्त ठेचांवर. आजच्या दाबून भरलेल्या चित्रपटगीतांत सरासरी पातळी ठेचांच्या दहाएक डेसिबल खाली असते, तिथे चालून जातं. पण तानपुऱ्यापासून सुरू होणारं ख्यालाचं चांगलं ध्वनिमुद्रण घ्या: सरासरी २० डेसिबल खाली, म्हणजे ७६ च्या आसपास, आणि विलंबित तर त्याहून हळू. मग वाटतं ॲम्प हवा. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो सारखं ॲप डोंगलचा हार्डवेअर व्होल्यूम स्वतः हाताळतं आणि हा अडथळा काढतं. खर्च काही शे रुपये. तुमचा डोंगल कुठला ते प्रश्नात नाही, पण तो हाच असेल तर निम्मा प्रश्न इथेच सुटला.

मोजणी कशी करायची ते सांगतो, कारण माझ्या किंवा दुकानदाराच्या शब्दावर ४५,००० चा निर्णय होऊ नये.

पाच-सातशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. जुन्या इअरफोनची वायर कापून ३.५ मिमीची पिन मोकळी करा. टोकाचा भाग डावा चॅनल, मधला उजवा, मुळाशी ग्राउंड. चार कड्यांची माइकवाली पिन घेऊ नका, ग्राउंड कुठला यात घोळ होतो. फोनमध्ये १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन टोन ठेवा. १ किलोहर्ट्झचा नको: स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज चुकीचा दाखवतात. आता हेडफोन लावून तुमचं सर्वांत हळू मुद्रित झालेलं आवडतं गाणं लावा, आणि ज्या पातळीच्या वर तुम्ही कधीच जाणार नाही तिथे व्होल्यूम ठेवा. हेडफोन काढा. व्होल्यूमला हात न लावता पिन बसवून तो टोन वाजवा आणि एसी व्होल्टच्या रेंजवर डावा चॅनल व ग्राउंड यांमध्ये वाचा. टोन चालू असताना हेडफोन कानावर ठेवायचा नाही, हे लक्षात ठेवा. प्लेअरमधलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ आधी बंद करा, नाहीतर ॲप टोन खाली ओढेल आणि आकडा फसवा येईल. काही डोंगल हेडफोन लागल्याशिवाय जागेच होत नाहीत. मीटरवर शून्य आलं तर चॅनल आणि ग्राउंडमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावा.

मिळालेला आकडा म्हणजे तुम्हाला लागणारा कमाल व्होल्टेज. तो ०.५ आला तर बाजारातला कुठलाही ॲम्प तुम्हाला जास्त काही देणार नाही, कारण जे देईल ते तुम्ही वापरणारच नाही. व्होल्यूम पूर्ण असूनही कमीच वाटलं, तरच पुढची चर्चा.

त्याच मीटरने ॲम्पचा किंवा डोंगलचा आउटपुट इम्पिडन्सही निघतो. याला इन-इअरच्या बाबतीत पॉवरपेक्षा जास्त महत्त्व आहे. टोन वाजवून मोकळा व्होल्टेज वाचा, मग ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर लावून पुन्हा वाचा. १.०० चा ०.९७ झाला तर ३३ × (१.०० ÷ ०.९७ − १), म्हणजे साधारण १ ओहम. उत्तम. नियम असा की हेडफोनचा इम्पिडन्स आउटपुटच्या किमान आठपट असावा. मोडला तर काय होतं? बॅलन्स्ड आर्मेचर या छोट्या प्रकारचे अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इन-इअरचा इम्पिडन्स वारंवारितेनुसार हेलकावे खातो. समजा १ किलोहर्ट्झला तो ४० ओहम आहे आणि ५ किलोहर्ट्झला ८. ॲम्पचा आउटपुट १० ओहमचा असेल तर पहिल्या जागी १.९ डेसिबल पडतात आणि दुसऱ्या जागी ७. म्हणजे वरचा पट्टा ५ डेसिबलने बसला. हा फरक डोळे मिटून कुणालाही ऐकू येतो, आणि काहींना तो ‘ऊबदार, ट्यूबसारखा’ म्हणून आवडतोही. १ ओहमच्या आउटपुटला तोच फरक ०.८ डेसिबलवर येतो. गंमत अशी की महागड्या ट्यूबवाल्या पोर्टेबलपेक्षा हजाराचा डोंगल इथे बरेचदा सरस ठरतो. डीटी ९९० ला मात्र याची फिकीर नाही. २५० ओहमपुढे १ काय आणि १० काय.

खरखरीचंही तसंच. १ व्होल्टला १२५ डेसिबल देणाऱ्या संवेदनशील इन-इअरवर ५ मायक्रोव्होल्टचा नॉइज म्हणजे १९ डेसिबल, शांत खोलीतही जेमतेम जाणवेल. २० मायक्रोव्होल्ट असेल तर ३१ डेसिबल, आणि रात्री पंखा बंद केला की ‘सूं’ ऐकू येईल. जबर पॉवरचा ॲम्प हाय गेनवर (गेन म्हणजे व्होल्टेज किती पट वाढवायचा ते) इन-इअरला जोडल्यावर हेच होतं. म्हणजे एकाच महागड्या डब्यात डीटी ९९० आणि इन-इअर दोन्ही बसवायचा तुमचा विचार मुळातच तडजोडीचा आहे.

दुकानातल्या ‘खुलण्या’बद्दल. दोन यंत्रांतलं एक अर्धा डेसिबल जरी मोठं असलं तरी कान त्याला ‘जास्त स्पष्ट’ म्हणतो, ‘जास्त मोठं’ म्हणत नाही. तुलना करायची तर दोन्हींचा व्होल्टेज मीटरवर १ टक्क्याच्या आत जुळवा, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत. मग दुसऱ्या कुणालातरी अदलाबदल करू द्या, तुम्हाला न दाखवता. १६ वेळा ओळखायचं. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. दुकानदार याला तयार होत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

खोक्यावरच्या मोठ्या मिलिवॅटच्या आकड्यांकडे नीट बघा. ते बहुधा ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (दोन्ही चॅनलना वेगळी ऋण तार असलेल्या) सॉकेटवरचे असतात. बॅलन्स्डमध्ये व्होल्टेज दुप्पट होतो, म्हणून पॉवर चौपट. आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट होतो, ते कुणी छापत नाही. आणि डीटी ९९० प्रो ची गुंडाळीची वायर पक्की बसवलेली असते, दोन्ही बाजूंचा ग्राउंड एकच. ती उघडून चार तारांची नवी वायर टाकल्याशिवाय ४.४ चं सॉकेट तुमच्या काही कामाचं नाही. अडॅप्टर लावून ३.५ ची पिन बॅलन्स्ड सॉकेटात घालू नका: दोन्ही चॅनलचे ऋण आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात आणि ॲम्पची आउटपुट स्टेज जाऊ शकते.

मग ४५,००० जातात कुठे? लिथियम बॅटरी, चार्जिंगची सर्किट, ॲल्युमिनियमची केस, ब्लूटूथ, व्होल्यूमचा खराखुरा नॉब, कधी बास-बूस्ट, कधी डीएसपी (आवाजावरची डिजिटल प्रक्रिया). कॉर्डचा मोजो २, जो २०२२ मध्ये आला, तयार डॅक चिपऐवजी एफपीजीएवर (हवी तशी घडवता येणाऱ्या चिपवर) स्वतःचा कोड चालवतो आणि त्यात टोन दुरुस्तीही देतो. अभियांत्रिकी म्हणून उत्तम काम आहे, ते आवडलं म्हणून घेणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण सीडीचे १६ बिट म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला, आणि नीट बनवलेला दोन हजारांचा डोंगल त्याच्या पलीकडे आहे. त्यापुढची सुधारणा मोजमापात दिसते, कानाला नाही. डीटी ९९० च्या ८ किलोहर्ट्झच्या आसपासच्या टोचऱ्या शिखरावर फोनमधल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने ५ डेसिबल कमी केले तर जो फरक पडेल, तो कुठलाही ॲम्प देणार नाही. इक्वलायझरमधली एकूण पातळी (प्रीॲम्प) काही डेसिबल खाली घ्यायची ती इतर पट्टे उचलले तरच; नुसतं कापायचं असेल तर गरज नाही.

लोकलचा मुद्दा वेगळाच आहे. ठाणे-कोपरखैरणे प्रवासात दारं उघडी, पंखे डोक्यावर, ऐरोली-रबाळे दरम्यान रुळांचा खडखडाट. हा आवाज मुख्यतः खालच्या पट्ट्यातला, बास गिळणारा. इथे ॲम्प बदलून काहीही मिळत नाही; टिप बदलून मिळतं. कानाच्या मापाची फोमची टिप दाबून आत घाला, कान मागे-वर ओढून धरा, फुगेपर्यंत २०-३० सेकंद थांबा. सील नीट बसलं की बास परत येतो आणि व्होल्यूम कितीतरी खाली आणता येतो. त्याची गरज आहेच: जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं माप आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असं आहे, आणि दर ३ डेसिबलला ते निम्मं होतं. गोंगाटावर मात करायला ९० वर ऐकलं तर ४ तासच उरतात. रोज जाऊन-येऊन पाऊण तास धरला तरी आठवड्याचा कोटा तिथेच संपत आला.

शिवाय गर्दीत फोनला रबरबँडने बांधलेला डबा म्हणजे टाइप-सी सॉकेटवर सतत तरफ. धक्क्यात डबा टिकतो, फोनचं सॉकेट जातं. डोंगलचंही दुखणं आहे: वायर पिनच्या गळ्याशी तुटते, आधी एक चॅनल जातो-येतो. स्वस्त असल्यामुळे दुसरा बॅगेत ठेवता येतो, एवढाच त्याचा फायदा. ओप्पो, रियलमी, वनप्लसच्या काही फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) १० मिनिटं रिकामं राहिलं की आपोआप बंद होतं; डोंगल ‘मेला’ असं वाटतं, पण सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं की उठतो.

पावसाळ्यात खिशातला घाम आणि खाडीकडची दमट हवा मिळून पिनवर हिरवट थर चढवतात, त्यानेच खरखर येते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिन पुसा. सॉकेटमध्ये थेट ओतू नका. बॅटरीवाल्या ॲम्पची बॅटरी तीन-चार वर्षांत मंदावते. ती बदलून कोण देणार, भारतात सुटी मिळते का, हे बिल करण्याआधी विचारा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे परदेशातून मागवलेला डबा दुरुस्तीला परत पाठवणं दुकानात वाटतं तेवढं सोपं नसतं.

सोल्डरिंगची आवड असेल तर ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून सी-मॉय हा छोटा हेडफोन ॲम्प करून बघा. चू मॉय यांचं हे सर्किट एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. मूळ नकाशात गेन ११ पट आहे, तो ठेवू नका. १ व्होल्टच्या डोंगलवरून २.५ व्होल्ट हवे असतील तर गेन २.५ पुरतो, ११ ठेवला की नॉब पहिल्या टीचभर भागातच फिरवावा लागतो, आणि तिथे स्वस्त पॉटचे, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचे, दोन चॅनल एकसारखे नसतात, गाणं एका कानाकडे झुकतं. ओपीए२१३४ आयसी घातली की एका बॅटरीवर जेमतेम २ व्होल्ट आणि ३०-४० मिलिअँपिअर, म्हणजे बऱ्या डोंगलएवढंच. हेडफोन लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या वर असेल तर लावू नका. त्याहून पुढचं म्हणजे २०११ चं ओ२ हे हेडफोन ॲम्पचं सर्किट: दोन बॅटऱ्या, त्यामुळे खरा मधला ग्राउंड, आणि आउटपुटला एनजेएम४५५६ या चिपचे दोन-दोन भाग १ ओहमच्या रेझिस्टरने समांतर जोडलेले, म्हणून आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम. एचई४००एसई सारखा करंटखाऊ हेडफोनही ते आरामात चालवतं. त्याचा नकाशा उघड आहे. या टप्प्यापुढे पॉवर वाढते, स्वच्छपणा कानाला वाढत नाही.

तुमच्या बाबतीत ४५,००० ची वाटणी मी अशी करेन. २ व्होल्टचा, आउटपुट १-२ ओहमच्या आतला डोंगल, दोन ते चार हजार. फोमच्या टिपांचे दोन माप. डीटी ९९० चे मखमली पॅड चपटे झाले असतील तर नवे. चपट्या पॅडमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि टोन बदलतो. घरी टेबलापाशीच बसून ऐकत असाल तर बॅटरी नसलेला, अडॅप्टरवर चालणारा टेबल ॲम्प आठ-दहा हजारांत ४-५ व्होल्ट देतो; त्यात पैसे बॅटरीवर जात नाहीत, सर्किटवर जातात. उरलेल्यात दुसऱ्या स्वभावाचा हेडफोन येतो, उदाहरणार्थ बंद पाठीचा. डीटी ९९० उघड्या पाठीचा असल्याने शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना तुमचं गाणं ऐकू जातं.

मोजणीत तुमचा आकडा २ व्होल्टच्या वर आला, किंवा पुढेमागे एचई-६ च्या जातीचा प्लॅनर घ्यायचं आणि तोही घराबाहेर, हॉटेलात, प्रवासात ऐकायचं पक्कं असलं, तर महागडा पोर्टेबल विचारात घ्या. तेव्हा दुकानात स्वतःचा हेडफोन, स्वतःचा फोन आणि मीटर घेऊन जा, आणि ४.४ सोडून ३.५ च्या सॉकेटवर ३३ ओहमचा रेझिस्टर लावून किती व्होल्ट टिकतात ते बघा. मात्र रेझिस्टर तेव्हा एक वॅटचा घ्या. ४ व्होल्टला त्यात अर्धा वॅट जिरतो, आणि पाव वॅटचा तिथेच धूर काढेल.